नंबर माझ्या नावावर आहे

कोश-दोबो,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुनबाई बुरुल,

तुला, कनिबेकला आणि दोन्ही पोरांना माझे आशीर्वाद. आम्ही इथे बऱ्या आहोत, तुम्हीही तिथे धडधाकट असाल असं धरून चालते. आपल्या आळीतला शायलोबेक गुरुवारी मॉस्कोला निघतोय. त्याच्या पिशवीत लोणी, कुरुत आणि हे पत्र दिलं आहे. कुरुतासाठी वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या या खेपेला जास्त खारट झाल्यात. धाकट्याला देताना आधी पाण्यात भिजव.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलायला लागले की नुराइदा समोर असते, नाहीतर भिंतीपलीकडे असते. आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत.

गुरं डोंगरावरून उतरली. राखाडी गाय गाभण आहे. ऐसुलूच्या सुनेला मुलगी झाली. चाळिसाव्या दिवशी बाळाला पहिलं झबलं घालायला मात्र मला बोलावलं नाही, खालच्या आळीतल्या उम्सुनला बोलावलं. या गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगात पहिलं झबलं मी घातलंय. तुझ्या लेकीच्याही.

लेक लिहून गेले. खोडत नाही.

मला का बोलावलं नाही, तेच सांगायला बसले आहे. सुरुवात कुठून करावी कळत नाही.

नुराइदाला फोन घेतला, घरात तोच एक, तेव्हा नंबर माझ्या नावावर काढला होता. पोरांच्या नावावर देत नाहीत, आणि आईबाप परदेशात. गावात घरोघरी तसंच आहे. आपल्या शाळेतली निम्मी पोरं फोनच्या हिशेबी म्हातारी आहेत. उन्हाळा सरताना सरकारचा नवा नियम आला, की मोठ्यांनी बघायचं जे काही असतं ते उघडण्याआधी नंबर कुणाचा आणि त्याचं वय काय, हे तपासायचं. शाळेत सभा झाली. बाई म्हणाल्या, नियम आला म्हणून निर्धास्त राहू नका, लक्ष आईबापांनीच ठेवायचं असतं. मागून कुणीतरी म्हणालं, आईबाप मॉस्कोत फरशा पुसतायत, तिथून लक्ष ठेवायला त्यांच्याकडे दुर्बीण आहे का? सगळे हसले, मीही हसले. कनिबेक तर फोनवर म्हणाला, “आई, आता सरकारनंच कुलूप घातलंय. तू कशाला काळजी करतेस?” मी सोडली काळजी.

गेल्या महिन्यात एका सकाळी फोनवर माझ्या नावाने रशियनमध्ये काहीतरी आलं. मला वाटलं, पेन्शनचं असेल. सरकारी रशियन घरात कुणाला कळत नाही, म्हणून ते वाचून घ्यायला तुर्दुबेकच्या दुकानात गेले. नुराइदा सोबत होती, पिठाची पिशवी घ्यायला. पावासाठी आलेल्या बायका उभ्या होत्या. तुर्दुबेकला ऐकू कमी येतं, म्हणून तो सगळ्यांशी ओरडूनच बोलतो. त्याने चष्मा लावला, आधी रशियनमध्ये वाचलं आणि मग आपल्या भाषेत: “आदरणीय सोनुनबुबू, आपलं वय तपासलं आहे. वर्षं पूर्ण एकोणसत्तर. प्रौढांसाठीचा विभाग आपल्यासाठी खुला करण्यात येत आहे.”

ऐसुलू म्हणाली, “काय गं सोनुन, म्हातारा जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता आठवण आली होय?”

दुकान हसून हसून वाकलं. मग एकेक बाई हसायची थांबली, कारण अक्कल सगळ्यांना आहे. नजरा माझ्यावरून सरकत मागे जायला लागल्या. नुराइदा पिशवी छातीशी धरून उभी होती. मी वळून पाहिलं नाही, पण पिशवीतून पीठ सांडल्याचा आवाज ऐकला.

आपल्या गावात मुलीच्या नावाचं काय होतं, ते तू जाणतेस. एकदा तोंडातोंडी झालं की ते तिच्या लग्नापर्यंत पोचतं. म्हणून मी म्हणाले, “हो, मीच उघडलं. बघावं म्हटलं, जग कुठवर आलंय. तुम्हाला बघायचं असेल तर या संध्याकाळी, चहा ठेवते.”

त्यांचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. पण माझ्या वयाच्या बाईने हो म्हटल्यावर पुढे विचारता येत नाही. झबल्याचं बोलावणं तेव्हापासून उम्सुनकडे जातं. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण ते माझं मी सोसेन.

घरी आल्यावर मी तिला रागावले नाही. तिने आपणहून सांगितलं, तुटक तुटक. ती उन्हाळ्यातच मोठी झाली होती. जुन्या चादरीचे तुकडे कमी व्हायला लागले तेव्हा मला कळलंही होतं, तरी गप्प राहिले. आपल्यात हे आईने सांगायचं नसतं, वहिनीने सांगायचं असतं. मला माझ्या थोरल्या वहिनीने नदीवर कपडे धुता धुता सांगितलं, इतकं हसवून की भीती वाटायला जागाच उरली नाही. नुराइदालाही तिची वहिनी सांगेल म्हणून मी वाट बघत राहिले.

तिची वहिनी तू आहेस, बुरुल.

पहिलं नातवंड आजीआजोबांचं, या रीतीने ती आमच्या मांडीवर आली. मला आई म्हणायला लागली, कनिबेकला दादा आणि तुला वहिनी. सगळ्यांच्याच घरी असं असतं, मला त्यात कधी काही खुपलं नाही. आता वाटतं, पोरीला दोन आया मिळाल्या आणि सांगायला एकही नाही.

म्हणून तिने फोनला विचारलं. आधी साधंच, रक्त का येतं. मग बाईपुरुषाचं काय असतं. असं विचारत विचारत ती त्या दारापाशी पोचली. दाराने विचारलं, कोण आहे? माझं नाव ऐकलं आणि म्हणालं, या आजीबाई. सरकारला मी बोल लावत नाही. त्याने वय विचारलं, आणि वय बरोबर होतं.

त्यानंतर ती शेजारच्यांच्या गाडीतून शाळेत जात नाही, चालत जाते, बर्फ असलं तरी. गुरांचा डॉक्टर आला तर कोठीत जाऊन बसते. शायलोबेकने नेहमीसारखी वेणी ओढली, तर अशी किंचाळली की तो बिचारा माझीच माफी मागत राहिला.

मी प्रयत्न केला, बुरुल. गोठ्यात तिच्याजवळ बसले आणि मेंढ्यांवरून सुरुवात केली. ती म्हणाली, “आई, मेंढ्यांचं मला ठाऊक आहे.” मग दूध काढत राहिली. मान वर न करता म्हणाली, “दादा वहिनीशी फोनमधल्यासारखाच वागतो का? तिला असंच रडवतो?”

मी म्हटलं, नाही.

“तुला काय माहीत?”

खरंच, मला काय माहीत? माझं स्वतःचं सांगता आलं असतं. तुझे सासरे भले माणूस होते. पण माझं ऐकून तिचं समाधान झालं नसतं. तिला तुझं ऐकायचं आहे. फोनवर नको. शेजारी बसून सांग. चांगलं असेल तर चांगलं सांग. आणि नसेल, तरी तिच्याशी खोटं बोलू नकोस. मग मलाही सांग.

गेल्या खेपेला बसपाशी तू म्हणालीस, “हिला घेऊन जाऊ का?” मी नुसता तिचा हात घट्ट धरला. तेच उत्तर समजून तू चढलीस. आता मी विचारते. घेऊन जातेस का? एका खोलीत पडदा लावून दोन कुटुंबं राहता, ते कळतं मला. नेता येत नसेल तर तू इथे थांब. कनिबेकला काय सांगायचं ते माझ्यावर सोपव. मुलगा माझा आहे, ऐकेल.

या पत्राचं तिला सांगितलेलं नाही. परवा तंदूरला पाव लावताना सहज म्हणून विचारलं, वहिनी आली तर तिला काय हाक मारशील? तिने हातावरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, “ती सांगेल ती.”

तुझं तू तिला सांग. माझं मी सुरू केलं आहे. ती आई म्हणून हाक मारते, तेव्हा मी पहिल्या हाकेला ओ देत नाही. फार जड जातं. तिला वाटतं, मला ऐकू कमी यायला लागलंय.

रस्ता बंद व्हायच्या आत ये.

नुराइदाची आजी,
सोनुनबुबू