वळताना तोल गेला

३ मार्च

मी दारू प्यायले होते म्हणे! मी!

शाळेची बस रिकामी करून परत येत होते. शेवटचं पोर उतरवून झालं होतं, तेवढं नशीब. चौकात डावीकडे बघितलं आणि रस्ताच फिरला. ब्रेक दाबला तोवर पुढचं चाक फुटपाथवर. ट्रॅफिकवाला हजर. फुंकायचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. म्हणाला, या पांढऱ्या पट्ट्यावरून चालून दाखवा, टोकाला वळा, परत या. भर दुपारी, चारचौघांत. जाताना नीट गेले. वळले आणि तोल गेला – थेट त्याच्या अंगावर. मला हसू फुटलं. घाबरले की मला हसू येतं, त्याला मी काय करू. त्याने लिहिलं: तोल गेला, विनाकारण हसली, उद्धट उत्तरं दिली. उद्धट मी जन्मापासून आहे, त्याला दारू कशाला लागते.

घरी आले तर ह्यांनी पाणी विचारलं नाही. जवळ आले आणि तोंडाचा वास घेतला. इतक्या वर्षांचा संसार! बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

४ मार्च

मुख्याध्यापिकांचा फोन. "निकाल लागेपर्यंत घरीच थांबा हं." तो 'हं' कानात अजून वाजतोय.

पालकांच्या ग्रुपवर माझ्या नावाने शिमगा चाललाय. एकजण लिहिते, हिचे डोळे मला कायमच लाल दिसायचे. अगं बाई, तुझं कार्टं साखरझोपेत असतं तेव्हा मी बसच्या काचा पुसत असते. दुसरी म्हणते, भाऊ पितो ना तिचा, घरातच आहे त्यांच्या.

आहेच. धाकटा पितो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. म्हणूनच तर मी थेंबाला शिवले नाही कधी.

९ मार्च

वकीलबाई चुणचुणीत आहे. कागद वाचता वाचताच खूश झाली. "काकू, रक्त घेतलं नाही, मशीन नाही. त्यांच्याकडे फक्त तुमची चाल आहे. ती मी खोडून काढते." मग पेन थांबवून म्हणाली, "पण तोल गेला का?"

ऊन, म्हटलं. तिने लिहून घेतलं – ऊन.

१३ मार्च

धाकटा आला, घेऊनच. म्हणे, काय ती परीक्षा, मला दाखव. दाखवली. स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेघेवरून हा पठ्ठ्या सरळ गेला, वळला, परत आला. वर एका पायावर उभा राहून मला सलाम ठोकला. "ताई, मला कोर्टात ने. केस तिथेच खलास."

हसून हसून पोट दुखलं. कितीतरी दिवसांनी. मग म्हटलं, सरक, मीही करते. गेले, वळले – आणि कपाट धरून खाली बसले.

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "ताई, तू खरंच...?"

त्याने मला विचारावं! हाकलून दिला.

१६ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे गेले, कुणाला न सांगता. त्याने मान डावीकडे वळवून मला झटकन आडवी केली. खोली गरगर फिरली. आतल्या कानात बारीक खडे असतात म्हणे, ते जागेवरून सरकले की असं होतं. लोक कानाला खडा लावतात, माझ्या तर कानातच निघाले.

"बसवून देतो जागेवर," म्हणाला. पुन्हा सरकतील का? "बऱ्याच जणांचे सरकतात. कधी ते सांगता येत नाही." मग विचारलं, काम काय करता? सांगितलं. त्याचा चेहराच बदलला. "मुलांची बस? मी असतो तर नसती चालवली."

तू नाहीयेस ना मी.

१७ मार्च

झोप नाही. हा डॉक्टर कोर्टात उभा केला तर मी दारुडी नाही हे एका मिनिटात सिद्ध होईल. आणि बसही त्याच मिनिटात जाईल. नाव वाचवू की बस? बसवर बसले की मला कुणाचं काही ऐकावं लागत नाही. सगळ्या जगात ती एकच खुर्ची माझी आहे.

वकीलबाईला सांगणार नाही. ऊन तर ऊन.

२१ एप्रिल

वकीलबाईने ट्रॅफिकवाल्याला सोलून काढला. पट्टा उतारावर होता की नाही? खडी होती की नाही? बाईंच्या पायात चपला कसल्या होत्या? त्याला काहीच आठवेना. "न प्यालेल्या माणसाला कधी असं चालवून पाहिलंय?" तो म्हणाला, "नाही, आम्ही प्यालेल्यांनाच चालवतो." न्यायाधीशही हसले.

ट्रॅफिकवाला पोरगेलाच आहे. कान लालबुंद झाले होते. तरी शेवटपर्यंत एकच धरून बसला – "साहेब, वळताना त्यांचा तोल गेला, मी पाहिलं."

सगळ्या कोर्टात माझ्याबद्दल खरं बोलणारा तो एकटाच होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

२८ एप्रिल

निर्दोष. हे म्हणाले, "सुटलो एकदाचे." सुटलो! जसे काही पट्ट्यावर हेच चालले होते.

मुख्याध्यापिका म्हणतात सोमवारपासून या.

४ मे

आज किल्ली हातात दिली. बसमध्ये चढले, सीट पुढे घेतली. डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले होते, बरं वाटत होतं. डावा आरसा बघितला, मागे दाराकडे बघितलं, जिथे पोरं उतरतात – आणि दार, पायऱ्या, सगळं सरकलं. स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिले.

चाक फुटपाथवर गेलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. दर वेळी नसेल असं कोण सांगणार.

किल्ली परत दिली. कानाचं सांगितलं. मुख्याध्यापिका माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "समजू शकते मी." काय समजल्या ते तोंडावर दिसत होतं.

७ मे

ग्रुपवर: कोर्टाने सोडलं तरी स्वतःहून गेली. काहीतरी असल्याशिवाय कोण जातं?

ह्यांना सगळं सांगितलं. कान, खडे, डॉक्टर. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे होतं तर कोर्टात का नाही काढलंस? आता कान आठवला होय." आणि कूस बदलून झोपले. खरं सांगायला उशीर केला की ते खोट्याच्याच भावाने जातं. पण माझ्या घरात तरी जायला नको होतं.

१२ मे

धाकटा सकाळीच आला. न घेता. हात थरथरत होते त्याचे. म्हणाला, "ताई, माझ्यापासून कसली लाज. एकट्याने नाही सुटत ती, मी करून बघितलंय. तू सोडणार असशील तर मीही सोडतो. दोघं मिळून जाऊ दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडे."

आई मरेपर्यंत त्याच्या पाया पडत होती. 'सोडतो' हा शब्द तिला कधी ऐकायला मिळाला नाही.

कानाचं सांगायला मी तोंड उघडलंच होतं. म्हटलं, "चालेल. मलाही एकटीला जमत नाहीये."