माझ्या परसातली हळद

भोकरदन,
चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६६

प्रिय तुळजा,

तुझं पत्र मिळालं. कुणाकडे न्यावं लागलं नाही, मीच वाचलं. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवता सोडवता मी अक्षरं जुळवायला शिकले, हे तुला ठाऊक नसेल. नातीचं लग्न वैशाखात ठरलं, बरं झालं. हळद मात्र माझ्याच परसातली हवी, असं तू लिहिलंस. ती ओळ मी तीन वेळा वाचली.

परस तसाच आहे. आडाच्या पाटाशी हळद, कुंपणाला शेर, कोपऱ्यात पांढऱ्या फुलांचा चित्रक. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं, हे इथली पोरंही जाणतात. चित्रकाचं मला माहीत नव्हतं. माझ्या सगुणाच्या हळदीच्या आदल्या दिवशी तू तुझ्या मालकांच्या मूळव्याधीसाठी त्याचं मूळ मागितलंस. मीच खुरप्यानं उकरून दिलं. बोटांची आग झाली, राखेनं हात धुतले आणि पुन्हा कामाला लागले.

हळदीला मी विधवा, म्हणून दाराआड. वाटी तुझ्या हाती दिली. “तू आत बैस सोनू, मी हाय ना,” म्हणालीस. मी निर्धास्त झाले. लहानपणी एका ताटात जेवलेल्या आपण.

सकाळी सगुणाच्या दोन्ही हातांवर फोड. केदारखेड्याचं वऱ्हाड दारात. नवऱ्या मुलाच्या आत्यानं, द्वारकाबाईनं, तिचा पदर सारून पाहिलं आणि ओरडली, “पोरीला महारोग हाय, अन् लपवून राह्यले व्हय?” मांडव माझा, स्वयंपाक माझा, आणि बोहल्यावर तुझी लेक गंगू उभी राहिली. वऱ्हाड रिकामं गेलं असतं तर माझीच नाचक्की झाली असती, असं तू मला समजावलंस. मी तुझे उपकार मानले, तुळजा. सतरा वर्षं मानले.

महारोग नव्हताच. फोड महिन्यात सुकले, काळे डाग राहिले. पण बोभाटा गावोगाव पोचला होता. नंतर तिला पाहायला कुणी आलं नाही. अजून भर उन्हाळ्यात ती मनगटापर्यंत बाह्यांची चोळी घालते.

गेल्या पावसाळ्यात काकासाहेब वैद्यांचं एक जुनं पुस्तक वाचायला आणलं. चित्रकाचं ओलं मूळ वाटून कातडीला लावलं तर फोड येतात, असं त्यात होतं. माझं बोट त्या ओळीवरच राहिलं. मग आठवलं. त्या सकाळी गंगूला लावायला तू आमच्या वाटीतली हळद घेतली नाहीस. वाजंत्री खोळंबली होती, भटजी हाका मारत होते, तरी तू नवी भिजवलीस.

बाजाराला येणाऱ्या कचरूच्या हाती हळद पाठवते आहे. तुझ्या नातीनं माझं काही बिघडवलेलं नाही. आधी सगुणानं ती आपल्या हाताला लावून चार दिवस पाहिली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं हळद अंगाला लावली. आग झाली नाही, फोड आला नाही. तेव्हा भिऊ नकोस. एवढंच कळवायचं होतं, म्हणून हे पत्र. लग्नाला मी येणार नाही. हळद उकडली, वाळवली, कुटली ती मीच, विधवेच्या हातानं. चालत असेल तर लाव.

एकेकाळची तुझीच,
सोनू