आई आणि रुचा, एकाच फोटोत

२ मार्च २००३, बॉथेल, अमेरिका
नागपूरहून भावाचा, मनोहरचा फोन. आईचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला. म्हणजे आमच्या रुचाच्या पहिल्या वाढदिवसाला आजी नाही. रुपाली रडली. मी नाही. माझ्याकडे प्लॅन आहे.

३ मार्च
प्लॅन असा: एकाच फिल्मवर दोनदा फोटो. मनोहर काळ्या पडद्यासमोर आईला डावीकडे बसवून आख्खा रोल काढेल आणि न धुता पाठवेल. तोच रोल माझ्या कॅमेऱ्यात घालून मी उजवीकडे, काळ्या पडद्यामुळे कोऱ्या राहिलेल्या भागात, रुचाला घेईन. आजी-नात शेजारी शेजारी. रुपाली म्हणाली, शेजारचा राजीव हे कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत करतो. करू दे. ती चीटिंग झाली.

९ मार्च
मनोहरला फोनवर चाळीस मिनिटं समजावलं. तो तीनदा ‘कळलं’ म्हणाला. एकदाच म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

३० मार्च
ऑफिसमधला जगन्नाथ नागपूरहून रोल घेऊन आला. आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून दोन तास हललीसुद्धा नाही म्हणे. उद्यापासून रोज सहाला उठून प्रॅक्टिस.

३१ मार्च
आठला उठलो. प्रॅक्टिसने सहजता जाते.

५ एप्रिल
शूट केलं. पडदा म्हणून रुपालीची काळी साडी लावली, ती रुचाने दोनदा ओढून पाडली. उजवीकडे बसायला तयार नाही. तरी चोवीसपैकी वीस उत्तम असणार. आईला फोनवर सांगून टाकलं, फोटो अप्रतिम आलेत. धुणं ही आता फॉर्मॅलिटी.

८ एप्रिल
प्रिंट्स आल्या. मनोहरने कॅमेरा उभा धरला होता. चोवीसही फोटोंत आई आडवी, रुचाच्या पोटातून आरपार. तंत्र शंभर टक्के बरोबर आहे, फक्त दिशा चुकली. रुपालीने एकेक फोटो पाहिला. जांभळ्या साडीवर बोट ठेवून बराच वेळ बसली.

१२ एप्रिल, वाढदिवस
आईने फोनवर पहिलं तेच विचारलं. सगळं खरं सांगितलं. नवा रोल, नवा पडदा, मनोहरला लेखी सूचना, हेही सांगायला लागलो.
आई म्हणाली, “अरे, मला तिचा एकटीचा पाठव. माझं तोंड मला माहीत आहे.”
रुपालीने लगेच तिच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर रुचाचा फोटो काढला. अर्धं मिनिट लागलं. मला फक्त बाजूला व्हायला सांगितलं. सावली पडत होती.