माझ्या दहाव्याला कोणी शपथ घेऊ नये

मी, वत्सला रंगनाथ विधाते, वय बहात्तर, बी.ए., निवृत्त शिक्षिका, राहणार इंदिरानगर, नाशिक. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. तिची मला फारशी भीती नाही. हे मृत्युपत्र लिहायला मला माझ्या मुलाने, कुंदनने, भाग पाडलं. परवा जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "आई, मनात काही राहिलं असेल तर आत्ताच सांगून ठेव. घाटावर खोळंबा नको." मी जे सांगेन ते हा मुलगा मरेपर्यंत पाळेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, माझ्या अक्षरात लिहिते.

१. इंदिरानगरचा फ्लॅट कुंदनला. मुलगी तेजस्विनी मनमाडला सुखात आहे. तिला माझे दागिने आणि बँकेतली ठेव. दोघांनाही कसलीही अट नाही. घर विकावंसं वाटलं तर विकावं. माझा फोटो लावलाच पाहिजे असं नाही.

२. पितळी घंगाळ माझ्या नणंद नवसाबाई यांना. माझ्या लग्नापासून त्यांचा त्यावर डोळा आहे. न्यावं, आणि आता तरी गप्प बसावं.

३. मखमलाबादच्या फुलशेतीतील विहिरीचा निम्मा हिस्सा. माझे पती रंगनाथ आणि त्यांचे धाकटे भाऊ धनराज याच विहिरीवरून भांडले. मोटार कोणी कधी चालवायची, एवढाच विषय होता. त्यावरून दोन घरांनी एकमेकांचं पाणी सोडलं. रंगनाथ गेल्यावर मुलांनी हक्कसोड करून हा हिस्सा माझ्या एकटीच्या नावावर केला. तो मी धनराजभावजींची सून, कै. रविराजची पत्नी सुवर्णा, हिला देते. का, ते लिहिणं आवश्यक आहे.

रंगनाथ यांच्या दहाव्याला गोदाघाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला." कोणी तेजस्विनीचं लग्न म्हणालं, कोणी शेत म्हणालं. मग कुंदन पुढे झाला आणि ओरडला, "आप्पा, काकाच्या दारात पाऊल ठेवणार नाही! विहिरीतला आपला हिस्सा त्यांना जाऊ देणार नाही!" त्या ओरडण्याने सगळे दचकून मागे सरले. जागा मोकळी झाली आणि कावळा उतरला.

मी तिथेच म्हणाले, "कुंदन, माणसं मागे सरली म्हणून तो आला."

नवसाबाई माझ्यावर खेकसल्या, "तू शिकलेली, तुला काय कळतं कावळ्यातलं? गप ऱ्हा!"

कुंदनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पिंडाकडे बघत होता. बापाने वरून सही केली, असा त्याचा चेहरा होता.

कुंदन आणि त्याचा चुलतभाऊ रविराज एका ताटात जेवून वाढले होते. दहावीत असताना शाळेच्या संमेलनात मी त्या दोघांना घेऊन एक जुनी शोकांतिका बसवली. त्यात मरणारा बाप मुलाचा हात तलवारीवर ठेवून शपथ घालतो, आणि मुलगा ती तलवार आपल्या मित्रावर चालवतो. शेवटी मुलं पडलेली आणि म्हातारी माणसं उभी. लोक पडलेल्यांसाठी रडायचे. मी तालमीत सांगत असे, "उभे आहेत त्यांच्याकडे बघा. यातलं एकही काम मुलांनी स्वतःच्या मनाने केलेलं नाही." रविराज मध्येच तलवार उपसून डोळे वटारायचा आणि कुंदन हसून संवाद विसरायचा. दोघांनी माझा मार खाल्ला आहे.

गेल्या वर्षी रविराजचं यकृत निकामी झालं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याने कुंदनला भेटायचं म्हणून धोशा लावला. धनराजभावजींचा निरोप आला, "उंबऱ्यात येऊन माफी मागू दे, मग भेट." इकडे कुंदनची शपथ. एक बाप जिवंत, एक मेलेला. दोघांचं एकमत झालं. ओझरच्या कारखान्यातली पाळी संपवून कुंदन गेला आणि त्यांच्या घरासमोर शेताच्या बांधावर उभा राहिला. सुवर्णाने नवऱ्याची खाट खिडकीशी ओढली. रविराजने सुकलेला हात कमरेपाशी नेला, नसलेली तलवार उपसली आणि डोळे वटारले. कुंदन बांधावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी रविराज गेला. त्यानंतर माझा मुलगा हसलेला मी पाहिलेला नाही.

माझी नात हर्षाली, कुंदनची मुलगी, मला विचारते, "आजी, पप्पा आत गेले असते तर आप्पा काय करणार होते?" काही नाही, बाळा. मेलेली माणसं काही करत नाहीत. म्हणूनच त्यांची समजूत काढता येत नाही.

विहिरीचा हिस्सा सुवर्णाला देऊन शपथेचा अर्धा भाग मी माझ्या सहीने संपवते. पावलाचा भाग माझ्या हातात नाही.

४. नाटकाची पेटी हर्षालीला. तीत मुकुट, दाढ्या आणि एक लाकडी तलवार आहे. दुसरी तलवार रविराजने तेव्हाच पळवली होती.

५. माझं दहावं. पिंडाला कावळा शिवला नाही तर वाट बघू नये. कोणी काही बोलू नये, कबूल करू नये. गुरुजींना दर्भाचा कावळा करून शिववायला सांगावं, आणि सगळ्यांनी घरी येऊन वेळेवर जेवावं. कुंदन, तू जेवल्याशिवाय उठू नकोस. ही माझी इच्छा नाही, तुझ्या तब्येतीची गरज आहे. माझी इच्छा काही राहिलेली नाही. हे वाक्य गुरुजींना वाचून दाखवावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे जावई करतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

वत्सला रंगनाथ विधाते (सही)

साक्षीदार, माझ्या समक्ष सही करणार:
१. बहिरू काशिनाथ मौले, निवृत्त मुख्याध्यापक (सही)
२. फुलाबाई गणपत जेजुरकर, शेजारी (सही)

नाशिक, ९ नोव्हेंबर २०२५

पोच, त्याच दिवशी संध्याकाळी. विहिरीच्या मोटारखोलीची किल्ली सुवर्णाकडे पोचवायला कुंदनला पाठवलं, सोबत हर्षाली. तिने सांगितलं ते नोंदवते. सुवर्णा म्हणाली, "भाऊजी, आत या, चहा टाकते." कुंदन म्हणाला, "नको, उशीर होईल." किल्ली त्याने फाटकावरून दिली. सुवर्णा आत जाऊन आली आणि तिनेही फाटकावरूनच एक वस्तू दिली.

दिली: किल्ली एक.
मिळाली: लाकडी तलवार एक, मूठ सैल.

तलवार पेटीत ठेवलेली नाही. कुंदन ती मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसला आहे. मी मागितली नाही.