होडी अडखळण्याची कारणमीमांसा

२ मार्च, रविवार. सकाळी ९.१५
नवी वही, नवा विषय. घरच्या संगणकावर गेम अडखळतो. त्याचे कारण शोधून ते मुळापासून दूर करणे. मुदत दोन आठवडे, कारण १६ तारखेला लेक नोकरीच्या गावी जाते आहे. त्याआधी आम्ही दोघांनी होडीचा गेम पुरा करावा, अशी तिची इच्छा. एकाच होडीत दोघे. डावे वल्हे तिचे, उजवे माझे. नदीचे बारा टप्पे, शेवटी समुद्र. काल तिसऱ्या टप्प्यात, ऐन भोवऱ्यापाशी चित्र थिजले आणि होडी खडकावर. ती म्हणाली, "जाऊ द्या हो बाबा, पुन्हा खेळू." जाऊ द्या? पॉलिटेक्निकात एकवीस वर्षे मी हेच शिकवले काय?
निश्चय: निदान झाल्याखेरीज खेळ नाही.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६
प्राथमिक निदान: रॅम अपुरी. आपल्याकडे आठ जीबी. चहाच्या वेळी सौ.ला आणि लेकीला समजावून सांगितले. हार्ड डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातले कपाट, रॅम म्हणजे ओटा. सगळे काम ओट्यावर चालते. ओटा लहान पडला की प्रत्येक वस्तूसाठी कपाटाकडे धावावे लागते. ती धाव म्हणजेच अडखळणे. उपमा इतकी चपखल बसली की मी ती दोनदा सांगितली. सौ. म्हणाली, "ओटा पुरतो हो. त्यावर पसारा कोणी मांडलाय, ते आधी बघावं." विषय स्वयंपाकघराचा नव्हता, हे तिच्या ध्यानात आले नाही. लेकीला हसू आवरेना. कशाचे, ते सांगेना.

५ मार्च, बुधवार
वाचनास प्रारंभ. रॅम किती असावी, यावर तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. कुणी आठ म्हणतो, कुणी सोळा, कुणी बत्तीसच्या खाली बोलत नाही. तुलनेसाठी सर्व लेख उघडे ठेवले आहेत. तूर्त एकेचाळीस टॅब. शिवाय रॅमचा वापर सेकंदागणिक नोंदवणारा एक प्रोग्राम आणि पडद्याचे अखंड चित्रीकरण करणारा दुसरा. 'संगणक बंद करू नये. तपास चालू आहे' अशी चिठ्ठी बटणावर चिकटवली.

८ मार्च, शनिवार
लेकीला घेऊन संगणकाच्या दुकानात. दुकानदाराने गेम कुठला ते विचारले. सांगितले. तो म्हणाला, "अहो सर, तो तर माझ्या काउंटरवरच्या या डबड्यावर पळतो. आठ जीबी भरपूर झाली. घरी जा, खेळा." माल न विकण्याची ही नवीच तऱ्हा. मी त्याला ओट्याची उपमा सांगितली. मागे उभ्या गिऱ्हाइकानेही ऐकली. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या.

दुपारी बसवणी. प्रथम घरच्यांना स्थिर विद्युत म्हणजे काय, संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला हात का लावून घ्यावा, हे सांगितले. पस्तीस मिनिटे. मग पट्ट्या बसवल्या. पडदा काळा. पट्ट्या सदोष असल्याचा निष्कर्ष लिहीत असतानाच लेक आली, तिने अंगठ्याने पट्ट्यांची दोन्ही टोके दाबली. टक्, टक्. पडदा उजळला.
नोंद: नव्या पट्ट्यांना स्थिरावण्यास थोडा अवधी लागतो.

९ मार्च, रविवार. सकाळी ११
पहिली शास्त्रशुद्ध चाचणी. दर नव्वद सेकंदांनी थांबून आकडे टिपायचे, अशी पद्धत आखली होती. लेक ओरडत होती, "बाबा, वल्हं! अहो, वही ठेवा, वल्हं धरा! गेलो, गेलो, गेलो..." गेलो. तोच खडक.
मात्र निरीक्षण मोलाचे: सोळापैकी पंधरा जीबी व्यापलेली! म्हणजे सोळाही अपुरी. माझा संशय खराच होता. (टॅब: एकशे तीन.)
लेक म्हणाली, "त्या मागच्या खिडक्या एकदा बंद करून बघू या का?" मी शांतपणे समजावले, की एका वेळी एकच घटक बदलायचा, हा प्रयोगाचा पहिला नियम, आणि सगळा पुरावाच मिटला, तर तपास कशाच्या आधारे करायचा? तिने कंट्रोलर खाली ठेवला. पटले असावे.

१२ मार्च, बुधवार
बत्तीस जीबी. मला पाहताच दुकानदाराने कोपरापासून हात जोडले. आदर वाढतो आहे.
चित्रीकरण आता सर्वोच्च दर्जाचे. टॅब एकशे नव्वद. होडी अडखळतेच, परंतु ते अडखळणे पूर्वीपेक्षा कितीतरी सुस्पष्ट टिपले जाते. ही प्रगतीच म्हणावी लागेल.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५
लेक दोन्ही कंट्रोलर घेऊन दारात उभी. म्हणाली, "आज तरी? मोजायचं काही नाही. अडखळली तर अडखळू दे. नुसतं खेळायचं." अडखळू दे! मी एका दिवसाचा अवधी मागितला. ती "बरं" म्हणाली आणि बॅग भरायला गेली. स्वर समाधानाचा वाटला.
उद्याचे वेळापत्रक तयार: उरलेले दहा टप्पे, प्रत्येकी अर्धा तास, मध्ये दोनदा चहा. संध्याकाळी समुद्र.

१५ मार्च, शनिवार. दुपारी १२
वही चाळताना एक गंभीर त्रुटी आढळली. मूळ आठ जीबीवर शास्त्रशुद्ध मोजमाप कधी घेतलेच नाही! तुलनेला पायाच नाही. जुनी पट्टी पुन्हा बसवून ते घेणे अपरिहार्य. बटणावरची चिठ्ठी स्वहस्ते काढली. सव्वादोनशे टॅब मिटले, दोन्ही प्रोग्राम थांबले. विज्ञानासाठी एवढा त्याग हवाच. तासाभराचे काम.

संध्याकाळी ६.३०
एक स्क्रू सापडत नव्हता. लेक आली तेव्हा संगणकाचे पोट टेबलावर उघडे होते आणि मी टेबलाखाली होतो. ती वाटीतल्या स्क्रूंशेजारी एक कंट्रोलर ठेवून गेली.
निश्चय: तिच्या पहिल्याच सुट्टीत गेम पुरा करणे.

१६ मार्च, रविवार. सकाळी ८.४०
लेकीला गाडीत बसवून आलो. वाटेत तिला चौसष्ट जीबीची आवश्यकता थोडक्यात समजावून दिली. बॅग मांडीवर घेऊन ती शेवटपर्यंत ऐकत होती. गाडी हलताना म्हणाली, "चालू झालं की कळवा हं बाबा. आणि डावं वल्हं आईला शिकवा."

सकाळी ११.२०
स्क्रू सौ.ला सापडला, माझ्याच वहीत, १२ तारखेच्या पानात. जुनी आठची पट्टी बसवली. अंगठ्याने दोन्ही टोके दाबली. टक्, टक्. हा आवाज तेव्हाही झाला होता. गेम सुरू केला. बाकी काहीच उघडे नव्हते.
आठपैकी वापर: पाच.
सौ. दारातून म्हणाली, "झालं?"
झालं, म्हणालो.
"काय होतं?"
पसारा, म्हणालो.
मग म्हणाली, "आता कळवा तिला." आणि आत गेली.
तिसरा टप्पा. पाण्यावरचे ऊनसुद्धा लखलखीत. उजवे वल्हे मारले. होडी गोल फिरली. पुन्हा मारले. पुन्हा गोल. बारा मिनिटे पाहिले. चित्र एकदाही थिजले नाही.