'निष्ठावान' शब्दावरची काट

बाबा, तुम्ही दिलेला रशियन लाकडी चमचा सिंगापूरला सेंगकांगच्या माझ्या फ्लॅटमध्ये गॅसजवळ टांगलेला आहे. मी तो वापरत नाही. पाहिला की पुण्याचं स्वयंपाकघर आठवतं. तांदूळ निवडता निवडता तुम्ही कॉलेजात शिकवता तो जुन्या रशियाचा इतिहास मला सांगताय. कीव्हच्या राजाच्या पंक्तीला जेवणारे त्याचे लढवय्ये, त्यांना द्रुझिना म्हणत, कुरकुरले की आम्हाला लाकडी चमचे का? राजाने मुकाट्याने चांदीचे घडवून घेतले. याच राजाने सगळ्या शहराला बाप्तिस्म्यासाठी नदीत उतरायला लावलं. न येणारा तो माझा शत्रू, म्हणाला. शहर उतरलं. मी निबंधात लढवय्ये आणि शहर, दोघांनाही 'निष्ठावान' लिहिलं. शहरापुढच्या शब्दावर तुम्ही काट मारलीत. "लढवय्ये दुसऱ्या राजाकडे जाऊ शकत होते, म्हणून चांदी. शहर कुठे जाणार? पुढे मॉस्कोने तर लढवय्यांचीही वाट बंद केली, सोडून जाईल तो गद्दार. जाऊ शकत असून राहतो तो निष्ठावान. बाकीच्यांना दुसरा शब्द शोध, बाईसाहेब."

काल रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात आमचे साहेब म्हणाले, "आता दर शनिवारी यायचं. जादा पगार नाही, पण आपण फॅमिली आहोत. कोणाची हरकत?" टीममधले बहुतेक एम्प्लॉयमेंट पासवर आहेत, नोकरी गेली की देशही सोडायचा. सगळे टेबलाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "माझी आहे." साहेब हसले. "झालं, एकमत मोडलंस." शनिवार मागे घेतले गेले. माझ्या बढतीचा विषयही.

लिफ्टमध्ये टीममधला एक पुणेकर म्हणाला, "तुझं बरंय बाई, मागच्या महिन्यात पीआर झालीस, इथली कायमची रहिवासी. आम्ही तोंड उघडलं तर थेट विमानात!" त्याचं बरोबर आहे. गेल्या वर्षी पासवर असताना मीही टेबलाकडेच बघायचे. तुम्ही शोधायला सांगितलेला शब्द अजून मिळालेला नाही. 'भित्रे' हा तो नव्हे, एवढंच कळलंय.

बारावीनंतर मी इतिहास नको, इंजिनिअरिंग करते म्हटलं, तेव्हा तुम्ही चहा गाळत होतात. मागे न वळता म्हणालात, "वाट मोकळी आहे." मग माझं कॉलेज संपायच्या आत तुम्हीच गेलात. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात जरा रेंगाळले होते. 'थांब' म्हणाला असतात, तर थांबले असते.