चौथ्या दिवशीचा कोंब

२ मार्च
आज सेजचं, त्या उग्र वासाच्या विलायती औषधी झुडपाचं, बी पेरलं. दोन महिने उशिरा.

दवाखान्यात जाताना ताईने पाकीट माझ्या हातात दिलं होतं. "लगेच पेर गं छोटे. माझी गॅलरीतली झुडपं यंदा वाळून गेली. घरी येईन तेव्हा गुळण्यांना चार पानं तरी मिळतील." मी ते पर्समध्ये टाकलं आणि विसरले. चौथ्या दिवशी फोनवर तिने विचारलं, "आलं का काही?" लाजेने तोंडून निघून गेलं — "हो, कोंब आलेत." मग रोज ऑफिस सुटलं की माझा तिला फोन आणि रोज नवं खोटं. दोन पानं. चार पानं. वीतभर. नंतर पेरावं, तर खोटं फार पुढे गेलेलं. सहाव्या आठवड्यात ताई गेली.

६ मार्च
चौथा दिवस. काही नाही.

११ मार्च
अजून काही नाही. पाणी जास्त होऊन बी कुजलं असेल का?

१२ मार्च
भावोजी आले. ताईशिवाय पहिल्यांदाच. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "तुझं ते सेज कुठंय? वीतभर होतं ना, आता हातभर झालं असेल." म्हटलं, ऑफिसात ठेवलंय, तिथे ऊन चांगलं येतं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"मग दोन पानं आण. ती बटाटे परतायची ना लोण्यात, सेज घालून? करून बघतो. पानं जळली तर मीच खाईन."

खिडकीतली कुंडी त्यांच्या पाठीमागेच होती. नुसती माती.

१८ मार्च
सोळावा दिवस. पाच कोंब. टाचणीच्या डोक्याएवढे.

आधी आनंद झाला. मग खालीच बसले. सोळा दिवस! आणि मी चौथ्या दिवशीच कोंब आणून मोकळी झाले होते. तेही ताईला सांगत होते, जिने गॅलरीत वर्षानुवर्षं हीच झुडपं बी पेरून वाढवली. तिला कळलं नसेल? तरी रोज विचारायची, "आज किती गं?" मी सांगायचे. ती म्हणायची, "वा."

२३ मार्च
भावोजींचा फोन. उचलला नाही.

३० मार्च
एक इवलंसं रोप पेल्यात लावून भावोजींकडे नेलं. सगळं सांगितलं. मान वर करवत नव्हती.

ते म्हणाले, "कधी सांगतेस याचीच वाट बघत होतो. तिला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी म्हटलं, विचारू का धाकटीला? तर म्हणाली, 'गप्प बसा तुम्ही. खोटं सांगायला का होईना, रोज फोन करतेय.'"

ताई आजारी पडण्याआधी मी आपणहून तिला फोन कधी केला होता, ते आठवत बसले. आठवत नाही.